ओ देणारा पियानो

पियानो बिचकू नये म्हणून त्या संध्याकाळी सगळ्यांनी पायातलं बाहेर काढून ठेवलं होतं. सभागृहाच्या पायऱ्यांवर बूट-चपलांचा डोंगर आणि आत मोज्यांचा वास. माणसं श्वास रोखून बसली होती. निम्म्यांनी तो वासामुळे रोखला असावा, पण नादबाबांनी त्याला 'सामुदायिक एकाग्रता' असं नाव दिलं आणि टाळ्या मिळवल्या.

मंचावर मधोमध एक उभा पियानो. काळाभोर, आणि पॉलिश असं की पहिल्या रांगेतल्या बायका त्यात बघून केस सारखे करत होत्या. तो एका लाकडी चौथऱ्यावर ठेवला होता आणि चौथऱ्यावर पियानोपुढे जाड लाल गालिचा होता. त्या गालिच्यावर, पियानोला जवळजवळ खेटून, घोळदार पांढऱ्या अंगरख्यात नादबाबा उभे. अंगरखा इतका लांब की बाबांना पाय आहेत ही गोष्ट आपण विश्वासावरच घ्यायची.

"या पियानोला पाय आहेत का बघा!" बाबा गरजले. "पेडल दिसतात कुठे?"

"नाही!" सभागृह म्हणालं.

"मी कापली. या हातांनी कापली. का कापली?" बाबांनी उत्तराची वाट बघितली नाही, ते कधीच बघत नसत. "कारण जो जागा आहे त्याला कुबड्या लागत नाहीत! बाकीचे पियानो बडवावे लागतात, तेव्हा कुठे ओरडतात. हा जागृत आहे. हा हाकेला ओ देतो. पण कुणाच्या हाकेला? ज्याचं मन निर्मळ आहे त्याच्याच! आता सांगा, माझे हात कुठे आहेत?"

"वर!"

"कशाला शिवलेत?"

"कशालाच नाही!"

पहिला मान सभागृह समितीच्या अध्यक्षांचा. अध्यक्षांची लाँड्री आहे. गावातल्या निम्म्या लोकांचे कपडे त्यांच्याकडे जातात, त्यामुळे कुणाचं काय किती मळलंय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. ते पियानोच्या उघड्या झाकणावर ओणवे झाले आणि विहिरीत वाकून ओरडावं तसे ओरडले, "आऽऽ!"

शांतता. मग पियानोच्या पोटातून, खूप लांबून आल्यासारखं, हळूच, "आऽऽ…"

पहिल्या रांगेतल्यांनी छातीवर हात ठेवले. शेवटच्या रांगेला काहीही ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून रडू आधी तिथे फुटलं.

"ओ दिली!" बाबा म्हणाले. "स्वच्छतेच्या धंद्यातला माणूस. पियानोनं ओळखलं."

मग डॉक्टरबाई गेल्या. या बाई दिवसभर लोकांच्या छातीला नळी लावून आतलं खरं-खोटं ऐकतात. त्यांची आई गेल्याला फार दिवस झाले नव्हते. त्यांनी झाकणात वाकून अगदी लहान मुलीसारखी हाक मारली, "आई!" आणि आतून आलं, "आऽ…ईऽ…" डॉक्टरबाई तिथेच खाली बसल्या. त्यांना धरून जागेवर आणावं लागलं. एवढं एकच रडणं त्या संध्याकाळी मला खरं वाटलं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं.

आणि मग बाबांनी माझ्या ताईला हाक मारली.

माझी थोरली बहीण याच सभागृहात पियानो शिकवते. सभागृहाचा स्वतःचा पियानो आहे. त्या दिवशी तो कोपऱ्यात चादर पांघरून उभा होता. तो विकत घेतला तेव्हा समितीला चकचकीत पियानो हवा होता. पियानो घेताना माणसं पॉलिश बघतात. ताईनं पुढची फळी काढली, बॅटरी घेऊन आत डोकं घातलं, एकेक खुंटी घट्ट बसलीये की नाही ते पाहिलं, आतल्या लोकरीच्या नमद्याला कसर लागलीये का म्हणून वास घेतला, आणि दुकानातला सगळ्यांत कळकट पियानो निवडला. तेव्हापासून तो खिडकीच्या उन्हात नाही, भिंतीच्या ओलीला नाही, नेमानं सुरात लावला जातो, आणि त्यावर काहीही ठेवायचं नाही. एकदा अध्यक्षांनी हौसेनं फुलदाणी ठेवली होती. ताईनं ती त्यांना परत केली. पाणी वेगळं, फुलं वेगळी आणि दाणी वेगळी, पण तिन्ही अध्यक्षांवरच.

आता दुसरी ओळख. नादबाबा हे माझे भाऊजी. म्हणजे होते. ते पियानोच्या दुकानात विक्रेते होते. "वाजवून काय बघता साहेब, उभा किती रुबाबात राहतो ते बघा!" हे त्यांचं वाक्य मी स्वतः ऐकलेलं आहे. एक दिवस ते गिऱ्हाईकाकडे जाऊन येतो म्हणून सूटकेस घेऊन गेले. गिऱ्हाईकाकडे जाताना सूटकेस कशाला, हे ताईला संध्याकाळी सुचलं. पुढे घटस्फोटाचे कागद टपालानं आले, आणि त्यानंतर कित्येक वर्षांनी दाढी वाढवून स्वतः भाऊजीच. गावात सांगत होते की मी संसाराचा त्याग केला. बरोबरच होतं, फक्त तो संसार ताईचाही होता हे सांगायचं राहून जात होतं.

"या गुरुबाई," बाबा म्हणाले. "अहंकार खाली ठेवून या."

ताई गेली. सगळं सभागृह तिला ओळखत होतं. निम्म्या घरांतली मुलं तिच्याकडे शिकत होती. ती झाकणावर वाकली आणि तिनं स्वच्छ, सरळ, आरशासारखा "आऽऽ" लावला.

पियानो गप्प.

पुन्हा लावला. पुन्हा गप्प.

बाबांनी डोळे मिटले. "मी काही बोलणार नाही," असं म्हणून ते पुष्कळ बोलले. पियानो खोटं बोलत नाही म्हणाले. मन मळलेलं असेल तर बोटांतून तेच झिरपतं म्हणाले. कोवळी मुलं कुणाच्या हाताखाली द्यायची ते आईबापांनी ठरवावं, मी कोण सांगणार, असंही म्हणाले. मग त्यांनी अध्यक्षांना कोपऱ्यातल्या पियानोत हाक मारायला लावली. अर्थातच तो ओ देईना.

"मुका," बाबा कळवळून म्हणाले. "इतकी वर्षं छळ झालाय त्याचा. द्या माझ्याकडे, मी घेऊन जातो शुद्धीला. आणि सभागृह सुनं राहू नये म्हणून हा जागृत पियानो इथे ठेवून जातो. मी पियानो विकत नाही. पियानो विकत घेता येतच नाही, तो आपल्याला पसंत करतो. माझी काही किंमत नाही, फक्त समर्पण." ते समर्पण रोखीत असतं, एवढं त्यांच्या शिष्यानं दारात हळूच सांगितलं. वर्गसुद्धा यापुढे शिष्यच घेणार होते. अध्यक्षांनी मान डोलावली. येत्या रविवारी समिती निर्णय घेणार असं ठरलं, म्हणजे निर्णय झाला होता आणि रविवारी फक्त चहा होणार होता.

ताई अजून पियानोपाशीच उभी होती. जाता जाता तिनं दोन बोटं तोंडात घातली, झाकणात वाकली आणि कानठळ्या बसतील अशी शिट्टी घातली. पियानोच्या आतून बारीक, चांदीची तार ताणावी तसा आवाज आला.

"शिट्टी!" बाबा ओरडले. "जागृत पियानोपुढे शिट्टी!"

सभागृह खवळलं. शी, काय हे बाई, असलं वळण मुलांना लावणार का, असं चहूकडून सुरू झालं. मळलेल्या मनाच्या शिट्टीला निर्मळ पियानोनं ओ कशी दिली, हे एकानंही विचारलं नाही.

* * *

"तू शिट्टी कशाला घातलीस?" घरी आल्यावर मी विचारलं.

"बघत होते, आतून धड आहे का." ताई कांदा चिरत होती. कांदा निमित्ताला होता. सुरी कुणासाठी होती ते मला कळत होतं. "नेहमीसारखाच पियानो आहे रे तो. प्रत्येक तारेवर नमद्याची एक छोटी गादी बसलेली असते. ती तारेला गप्प ठेवते. उजवं पेडल दाबलं की सगळ्या गाद्या एकदम उठतात आणि तारा मोकळ्या होतात. मग तू आत ओरडलास की तुझ्या आवाजात जे सूर असतील त्याच तारा थरथरतात, आणि तुझाच आवाज तुला परत मिळतो. आऽ म्हटलं की आऽ, ईऽ म्हटलं की ईऽ."

"आणि शिट्टी?"

"अगदी वरच्या तारांना गाद्या नसतातच. त्या इतक्या आखूड की आपण होऊनच लगेच विझतात. शिट्टी तिथे जाऊन लागते. तिला कुणाच्या परवानगीची गरज नाही."

"हे भाऊजींना कुठून कळलं?"

सुरी थांबली. "मीच दाखवलं होतं. लग्न नवं होतं तेव्हा. मी पेडल दाबून बसले आणि म्हटलं, अहो, वाकून माझ्या नावानं हाक मारा. त्यांनी मारली. पियानोनं माझं नाव परत दिलं." सुरी पुन्हा चालू झाली. "म्हणाले, अगं, ही तर जादू! मी म्हटलं, जादू नाही, तारा आहेत. त्या माणसानं पहिलं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं."

"मग सांगून टाक की लोकांना!"

"सांगितलं. आजच मुलांच्या दोघी आयांना सांगितलं. म्हणाल्या, पण पेडल तर कापलीत ना?"

तो आठवडा कसा गेला ते आठवलं की अजून माझ्या हाताच्या मुठी वळतात. सोमवारी एका मुलाची आई आली: आम्ही त्याला पोहायला घालतोय. मंगळवारी दुसरी: मुलीचे डोळे दुखतात. पियानो डोळ्यांनी वाजवत नाहीत. बुधवारी एक वडील आले, ते निदान खरं बोलले. "तुमच्याबद्दल काही नाही हो बाई. पण खुद्द पियानोच जर…" शनिवारी वर्गात फक्त खुर्च्या आल्या होत्या.

तिकडे बाबांचा कारभार घरोघर पोचला. ज्यांच्याकडे पियानो होता त्यांना 'संगोपनाचे नियम' मिळाले. पियानोचे कान पिळायचे नाहीत, म्हणजे सूर लावणाऱ्याला दारात उभं करायचं नाही. तो छळ असतो. खालची फळी उघडायची नाही. तिथे त्याचं हृदय असतं. आणि रोज सकाळी झाकण उघडून आत नादजल शिंपडायचं. नादजल म्हणजे नळाचंच पाणी. फक्त बाटली निळी होती. तारा पोलादाच्या असतात आणि पोलाद कितीही जागृत असलं तरी पाण्यानं गंजतं, एवढं पहिल्या इयत्तेतलं पोरही सांगेल. पण पोराला कुणी विचारलं नाही. डॉक्टरबाईंच्या आईचा जुना पियानो चार दिवसांत असा फुगला की पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहायला लागल्या. बाबा म्हणाले, "तो ध्यानात गेलाय."

शुक्रवारी मी वैतागून ताईला म्हटलं, "तू हातपाय गाळून बसलीस."

"हात नाही, फक्त पाय," ती म्हणाली. "पायाचाच विचार करत्ये. गादी उठल्याशिवाय तार बोलत नाही. गादी उठवायला काहीतरी दाबावं लागतं. हात वर होते. मग काय उरलं?"

"पण पेडल नाहीत."

"पियानोला नाहीत. चौथऱ्याला असतील. पियानोला चौथरा कशाला लागतो? चार चाकांखाली चार वाट्या ठेवल्या की झालं. आणि आणखी एक." ती पहिल्यांदाच हसली, ते हसू बघून मला भाऊजींची दया यायला हवी होती, पण आली नाही. "मी त्याला शिकवायला बसवायचे तेव्हापासून त्याला उजवं पेडल दाबताना डावा खांदा उचलायची सवय आहे. किती सांगितलं, खांदा खाली, खांदा खाली! काही सुधारणा नाही. त्या दिवशी मंचाशेजारी उभी राहून मी खांदाच बघत होते. अध्यक्ष ओरडले, खांदा वर. डॉक्टरबाई ओरडल्या, खांदा वर. मी आवाज लावला आणि महाराजांचा खांदा आयुष्यात पहिल्यांदा खाली."

"मग रविवारी गालिचा उचलायचा!"

"शिष्य हात लावू देतील? आणि उचललाच तरी तो म्हणेल, फळी आहे, चौथऱ्याला फळ्याच असतात. मला नुसती फळी नको. फळीवरचा पाय पाहिजे, सगळ्यांसमोर. अध्यक्षांना फोन लाव. सांग, ताईचे डोळे उघडलेत. ती बाबांचे पाय धरायला तयार आहे."

* * *

रविवारी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. निर्मळ मनाच्या माणसांना दुसऱ्याची फजिती बघायला फार आवडतं. अध्यक्ष घरचं कार्य असल्यासारखे दारात उभे राहून लोकांना आत घेत होते. माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. "चांगलं झालं हो. बाई मनानं वाईट नाहीत."

ताई मंचावर चढली. मान खाली. बाबांनी हात वर करून सभागृह शांत केलं.

"मी चुकले," ताई म्हणाली. "या माणसाला ओळखायला मला फार वेळ लागला. आज सगळ्यांसमोर यांचे पाय धरल्याशिवाय मी इथून जाणार नाही."

बायकांनी पदर, रुमाल, मिळेल ते डोळ्यांना लावलं. बाबांना गहिवरून आलं. ते खरोखरच आलं असावं. ज्या बायकोनं संसार होता तोवर खांदा खाली ठेवायला सांगितलं ती पायाशी येतेय म्हटल्यावर कुणालाही येईल.

"पण एक विनंती आहे," ताई पुढे म्हणाली. "अध्यक्षांनी आज पुन्हा हाक मारावी. त्यांच्या निर्मळ मनाला पियानो ओ देताना मला इथे खाली बसून ऐकायचंय."

अध्यक्ष धावतच वर आले. ताई लाल गालिच्यावर बसली, अंगरख्याच्या घेराखाली तिनं दोन्ही हात घातले आणि बाबांचा उजवा घोटा धरला.

आता पियानोवाल्या हाताविषयी दोन शब्द. ज्या बाईनं आयुष्यभर दहा बोटांनी पोलादी तारा बोलत्या केल्या, तिची पकड साधी नसते. आमच्या घरात न उघडणाऱ्या बरण्या ताईकडेच जातात, आणि त्या पकडीतून आजवर एकही झाकण सुटलेलं नाही.

"धरलेस ना? आता सोड," बाबा ओठ न हलवता म्हणाले. मी पहिल्या रांगेत होतो, मला ऐकू आलं.

"मागच्या वेळी सोडलं, तीच चूक झाली," ताई म्हणाली, आणि तिनं घोटा वर उचलला.

"आऽऽ!" अध्यक्ष ओरडले.

पियानो गप्प.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "आऽऽऽ!"

काही नाही.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. "काय केलंत काय अध्यक्ष?" मागून कुणीतरी विचारलं. "अहो, परवापर्यंत तर होतं निर्मळ," अध्यक्ष चाचरत म्हणाले. तिसऱ्या रांगेतून त्यांच्या पत्नी उठून उभ्या राहिल्या. "काल लाँड्री बंद होती. मग तुम्ही कुठे होतात?" अध्यक्षांच्या कपाळावर घाम आला. लाँड्रीवाल्याला भर सभेत मळका ठरवलं जाणं म्हणजे काय, ते त्याला विचारा.

"थांबा वहिनी," ताई खालून मोठ्यांदा म्हणाली. "त्यांचं मन धुऊन देते मी." तिनं दोन्ही हातांनी बाबांचा पाय खाली दाबला. "आता म्हणा."

"आऽ?" अध्यक्ष भीत भीत म्हणाले.

"आऽ…" पियानो म्हणाला.

पाय वर. "आऽ!" गप्प. पाय खाली. "आऽ!" "आऽ…" निर्मळ, मळका, निर्मळ, मळका, कपडे धुवायच्या मशीनमध्येही इतक्या वेळा कुणी आतबाहेर झालं नसेल. बाबा एका पायावर उड्या मारत होते, दोन्ही हात अजून सवयीनं वर, आणि दर वेळी पाय खाली गेला की डावा खांदा आपोआप उचलला जात होता.

"खांदा खाली!" ताई ओरडली. "लग्नापासून सांगत्ये, खांदा खाली ठेव!"

संसार होता तेव्हा ती त्यांना 'अहो' म्हणायची. सभागृहानं हे अरेतुरे ऐकलं आणि काहीतरी बदललं हे सगळ्यांना कळलं. शिष्य पुढे सरसावले, पण मी आणि पोहायला घातलेल्या मुलाचे वडील तोवर मंचावर पोचलो होतो. आम्ही गालिचा ओढला. त्याबरोबर बाबाही सरकले आणि शेवटी बसलेच.

खाली चौथऱ्याची एक फळी सुटी होती, बिजागरीवर बसवलेली. ती दाबली की तिचं दुसरं टोक उचललं जाई. त्या टोकावर लाकडी दांडी उभी होती. ती पियानोच्या बुडातल्या भोकातून आत गेली होती आणि गाद्यांच्या पट्टीला भिडली होती. पेडल कापलं नव्हतं. नुसतं हात-दोन हात पुढे आणून गालिच्याखाली झाकलं होतं.

डॉक्टरबाई वर आल्या. कुणाशी काही न बोलता त्यांनी आपली टाच त्या फळीवर ठेवली, झाकणात वाकल्या आणि म्हणाल्या, "आई."

"आऽ…ईऽ…"

त्यांनी टाच उचलली. "आई."

काहीच आलं नाही.

"म्हणजे तो आवाज माझाच होता," त्या ताईला म्हणाल्या.

"तुमचाच," ताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "आईचा म्हणून जेवढा तुमच्यात उरलाय, तेवढा होता त्यात. पण पियानोचा नव्हता, आणि याचा तर नाहीच नाही."

डॉक्टरबाईंनी डोळे पुसले. मग त्यांनी टाच पुन्हा फळीवर ठेवली, खाली बसलेल्या बाबांकडे बघितलं, आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा श्वास भरून झाकणात ओरडल्या, "चोऽऽर!"

आणि पियानोच्या पोटातून, स्पष्ट, शेवटच्या रांगेला खरोखर ऐकू जाईल अशी, ओ आली.

"ओऽऽ…"

* * *

त्यानंतर जे झालं ते सुसंस्कृत होतं असं मी म्हणणार नाही. पण मला ते फार आवडलं. पोलीस येईपर्यंत ताईनं भाऊजींना फळीपाशी बसवलं. "पाय तुझा, ओ पण तुझीच," ती म्हणाली. "दाब." लोकांनी रांग लावली. ज्यांनी समर्पण दिलं होतं ते, ज्यांनी नादजल शिंपडलं होतं ते, ज्यांनी मुलांना पोहायला घातलं होतं ते. एकेक जण वाकायचा, "चोर!" म्हणायचा, आणि भाऊजी पाय दाबायचे, खांदा उचलून. पियानोनं एकालाही नाराज केलं नाही. सगळ्यांची मनं निर्मळ निघाली.

मग खालची आणि वरची फळी उघडली. त्या जागृत पियानोच्या हृदयात उंदराचं घरटं होतं, हातोड्यांच्या नमद्याची चाळण झाली होती, आणि खुंट्या इतक्या सैल की लावलेला सूर चार दिवसही टिकला नसता. कान पिळून घेण्याच्याही लायकीचा तो राहिला नव्हता. हे धूड देऊन भाऊजी सभागृहाचा पियानो नेणार होते. जो माणूस ताईबरोबर राहिला होता त्याला कोपऱ्यातल्या त्या कळकट पेटाऱ्याचं मोल पुरेपूर ठाऊक होतं. पोलिसांनी नेताना भाऊजी मला म्हणाले, "तू तरी काहीतरी बोल तिच्याशी." मी बोललो. ताईला विचारलं, दमलीस का.

सोमवारी आईबाप मुलांना घेऊन वर्गाच्या दारात हजर. ताईनं मुलांना आत घेतलं आणि आईबापांना अडवलं. अट एकच. प्रत्येकानं पेडल दाबून, झाकणात बघून, गादी कशी उठते आणि तार का बोलते ते स्वतःच्या मुलाला समजावून सांगायचं. मुलाला पटलं तरच वर्ग चालू. पोहणाऱ्याचे वडील पहिल्या खेपेला उत्तीर्ण झाले. अध्यक्ष दोनदा नापास झाले. त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही पाठ केलंय, समजलं नाहीये." डॉक्टरबाईंच्या आईचा पियानो ताई स्वतः कोरडा करत्ये. काही तारा वाचतील, काही बदलाव्या लागतील.

गोष्ट एवढीच. भाऊजी गेले तरी असले चौथरे संपलेले नाहीत. पुढचा कदाचित पियानो आणणार नाही. औषध आणेल, खडा आणेल, नाहीतर नुसता आवाजच आणेल. पण एवढं तोही नक्की सांगेल: इकडे बघा आणि तिकडे बघू नका. तो जिकडे बघू नका म्हणेल, तिकडेच आधी बघा. हात जोडायची घाई करू नका. वाकायचंच असेल तर जरूर वाका; पण गालिचा उचलून खाली काय आहे ते बघायला वाका.

आणि ओ ऐकायची हौस असेल तर आमच्या सभागृहात या. कळकट पियानो तिथेच आहे, उन्हापासून आणि ओलीपासून लांब. मन कसंही चालेल. कुणाच्याही नावानं हाक मारा. फक्त पेडल आपल्या पायानं दाबायचं. दुसऱ्याचा पाय चालणार नाही.